जनावराचे नाव

आठ दिवस घरात कुत्रं होतं आणि घरातल्या दोघांना सोडून ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते दोघे म्हणजे शाम आणि त्याची बायको संगीता. आपल्या परवानगीशिवाय या घरात मांजरही आडवं जात नाही, असा संगीताचा पक्का समज होता. खरं सांगायचं तर दोघांपैकी शामला पाचव्याच दिवशी कळलं होतं. पण कळलेली गोष्ट लगेच बोलून दाखवणारा तो माणूस नव्हता. अठरा वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण कोणालाही येतं.

रविवारी सकाळी संगीतानं नवी चप्पल घालून पाहायला काढली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला अंगणवाडी सेविकांची मीटिंग होती, त्यासाठी मुद्दाम आणलेली. एक चप्पल शाबूत होती, दुसरीचा नुसता पट्टा उरला होता. दुसरा तुकडा अंगणात सापडला, तिसरा गोठ्याच्या दारात, आणि चौथा कडब्याच्या गंजीमागे, ओमच्या शाळेच्या स्वेटरवर झोपलेल्या एका तपकिरी पिल्लाच्या तोंडात. पिल्लासमोर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली वाटी होती आणि तिच्या तळाशी दूध होतं.

"अंजूऽऽ!"

तांड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी म्हैस उठून उभी राहिली.

दहावीचे पेपर संपून अंजूला पंधरा दिवस झाले होते. जूनमध्ये ती अकरावीला यवतमाळच्या होस्टेलवर जायची होती. ते कसं ठरलं, आजोबा आणि नातीनं मिळून शामला कसं गुंडाळलं, तो इतिहास झाला. सध्या ती गोठ्याच्या दारात उभी होती आणि तिच्या मागे नऊ वर्षांचा ओम अर्धाच दिसत होता.

"कोनाचं हाय हे?"

"आपलं," ओम म्हणाला.

"दारव्ह्याच्या जीपस्टँडवर होतं, मम्मी," अंजू घाईनं बोलली. "समीक्षाकडे गेलती नं मी, तवा. गाडीखाली येऊन राह्यलं होतं."

"अन् आता माह्या चपलीखाली आलं. अवो, आयकता का?"

शाम मोटरसायकल पुसत होता. त्यानं फडकं खाली ठेवलं, पिल्लाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच पाहिल्याचा चेहरा केला. तो चेहरा त्याला बरा जमला. दहा मिनिटांत त्यानं फोन लावला. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर त्याचा ओळखीचा चौकीदार होता, त्याला राखणीला कुत्रं पाहिजेच होतं. पाच वाजता रामधनची जीप तांड्यावरून यवतमाळकडे निघते, तिच्यात पिल्लू बसवून द्यायचं.

"तथी काय करीन ते?" अंजूनं विचारलं.

"राखन करीन. दोन टाइम पोळी भेटते, पत्र्याची सावली हाय."

"अन् साखळी?"

शाम पुन्हा मोटरसायकल पुसायला लागला.

अंजू रडली नाही. रडून या घरात काही मिळत नाही, हे तिनं ओमवरून पाहिलं होतं. ती सरळ आजोबांकडे गेली. उत्तमसिंग आडे ओसरीवर दाढी करत होते.

"दादा, मले नसाब पाह्यजे."

उत्तमसिंगांचा वस्तरा गालावरच थांबला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. भांडणारे दोघे समोरासमोर बसतात, कारभारी बोलणं पुढे नेतो आणि सगळ्यांचं ऐकून झालं की नाईक बोलेल तो न्याय. उत्तमसिंग या तांड्याचे नाईक होते, त्यांचे वडील होते, त्यांचे आजोबा होते. पण आता लोक भांडणं घेऊन थेट तालुक्याला जात. गेल्या चार वर्षांत नसाब एकदाच बसली होती, पाण्याच्या टाकीजवळ म्हैस बांधावी की नाही यावर, आणि तो निकाल म्हशीनं मानला नव्हता.

"मांगनारी तू एकटी?" त्यांनी विचारलं.

"मी अन् ओम."

"ओमले कारभारी करा लागन. कारभाऱ्याबिगर नसाब होत नाई." आणि अर्ध्या दाढीनिशी ते पागोटं शोधायला उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांना इतका आनंद झाला होता.

तीन वाजता निंबाच्या झाडाखाली बाज टाकली गेली. ऊन मी म्हणत होतं, पण पागोटं लाल होतं आणि नीट बांधलेलं होतं. एका बाजूला अंजू, मांडीवर पिल्लू. दुसऱ्या बाजूला संगीता, तिच्या शेजारी सासू बसंतीबाई, त्यांच्या शेजारी शाम. मधे वही-पेन घेतलेला ओम.

"राम राम बैठकीतल्या सगळ्याईले," उत्तमसिंग म्हणाले. "मांगनारनं बोला."

अंजूनं बोटांवर मोजत सुरुवात केली. "एक. पोळ्यापासून आपल्या विहिरीवरची केबल दोनदा चोरीले गेली. दोन. रोही अन् डुकरं हरभऱ्यात शिरतात, पप्पा रातभर मचानीवर बसतात. तीन. साप."

"सापाले हे काय करीन?" शामनं विचारलं.

"भुंकीन."

"साप बहिरा रायते."

"पप्पा, तो आपल्यासाठी भुंकीन, सापासाठी नाई."

उत्तमसिंगांनी मान हलवली. मुद्दा त्यांना पटला होता. मग त्यांनी सुनेकडे न पाहता, सुनेच्या दिशेनं विचारलं, "समोरच्या बाजूचं काय म्हननं हाय?"

संगीतानं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती चिडली की तिचा आवाज उलट खाली येतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"कारभारी, लिहा. ससे दोन. आनले कोनं? ओमनं. रोज मेथी कोन टाकत होतं? मी. पोपट एक. आनला कोनं? ह्याईनं." शाम निंबाकडे पाहू लागला. "पिंजरा कोन धुवत होतं? मी. बकरी एक. बापूनं आनली, पोराईले दूध होईन म्हनून. त्या बकरीनं माह्यं अंगणवाडीचं रजिस्टर खाल्लं. सत्तावीस पोराईची वजनं होती त्यात. सुपरवायझर मॅडमले मले सांगा लागलं, मॅडम, वजनं बकरीनं खाल्ली."

"बकरी चांगली होती," उत्तमसिंग पुटपुटले.

"आनतांनी सगळे म्हनतात मी करीन, मी करीन. पंधरा दिवसानं करनारी एकटी मी रायते. मले सकाळी पाचले उठा लागते, सैपाक, पानी, गोठा, मंग अंगणवाडी. आता हे बी माह्याच गळ्यात. नाई पाह्यजे मले."

यात खोटं काही नव्हतं. ओमनं वहीत 'बकरी १' लिहिलं.

"याडी, तुहं काय म्हननं?" शामनं आईला विचारलं. बसंतीबाई सुनेच्या बाजूनं बोलतात असा प्रसंग वर्षातून एकदा येतो, तो आज होता.

"कुत्रं घरात म्हंजे चुलीत तोंड," त्या हातभर बांगड्या वाजवत म्हणाल्या. "आपले जुने लोकं बैलाईवर मीठ लादून मुलूखभर हिंडत, तवा त्याईच्यासंग कुत्रे रायतच. पन ते बैलाईसंग चालत. स्वेटरवर झोपत नवते."

तीन विरुद्ध दोन, आणि न्यायाधीश अंजूच्या बाजूनं. अंजूनं मनात हिशेब केला आणि साक्षीदार पुढे केला. "कारभारी, ह्याच्याबद्दल कोनाकोनाले ठाऊक होतं ते सांग."

"मले," ओम म्हणाला. "ताईले. अन् पप्पाले."

शामला एकदम खोकला आला.

"पप्पानं त्याले बिस्कीट देल्लं. तीनदा. चहात बुडवून."

संगीतानं हळूच मान वळवली. "चहात बुडवून?"

"अवो, ते कडक होतं नं, त्याले दात..."

"अठरा वर्षांत मले कोनं चहात बुडवून बिस्कीट देल्लं नाई."

शाम उठला आणि दोन्ही बाजूंच्या बरोब्बर मधोमध, ओमशेजारी जाऊन बसला. तिथून तो पुढे बराच वेळ हलला नाही. बायकोच्या बाजूला त्याची जागा राहिली नव्हती आणि पोरीच्या बाजूला बसायची त्याची हिंमत नव्हती.

संगीताच्या बाजूला आता सासूच उरली, तशी ती जास्तच खंबीर झाली. "बरं. अन् चावलं तं? शेजारच्या कोन्या लेकराले चावलं तं कोन जबाबदार? याले सुई तरी टोचली का?"

याच प्रश्नाची अंजू वाट पाहत होती. तिनं कुडत्याच्या खिशातून एक निळं कार्ड काढलं. पाच दिवसांआधी, बाजाराच्या दिवशी, दारव्ह्याला कोण्या संस्थेनं जनावरांच्या लसीचा मांडव टाकला होता, तिथलं ते कार्ड, सहीशिक्क्यासकट.

"टोचली. हा शिक्का पाह्य, मम्मी."

"कोनासंग गेलती तू?"

"दादासंग."

न्यायाधीशांनी पागोट्याचा शेव सारखा केला. संगीतानं एक सुस्कारा टाकला, म्हणजे आपण कोणाकडे दाद मागत होतो ते तिला आता समजलं. तरी कार्ड तिनं घेतलं. वाचायचं काम तिच्या हातात आलं की ती अर्ध्यावर सोडत नसे.

"तारीख, लिहेल हाय. प्रकार, कुत्रा. लिंग, नर. रंग, तपकिरी. वय, तीन महिने. मालकाचे नाव, अंजू आडे." तिनं पुढची ओळ पाहिली. "जनावराचे नाव..."

आणि ती थांबली.

सगळे वाट पाहत राहिले. संगीतानं कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय झालं?" शाम म्हणाला. "काही रोग लिहेल हाय का?"

"नाई."

"मंग वाच नं."

"मले नाई वाचता येत."

गावातल्या सत्तावीस पोरांना मुळाक्षरं शिकवणारी बाई असं म्हणाली, तेव्हा शाम खरंच घाबरला. संगीतानं कार्ड सासूपुढे धरलं. बसंतीबाईंना अक्षरओळख नव्हती. संगीता त्यांच्या कानाला लागली आणि नाव न उच्चारता नुसता बाजेकडे अंगठा केला. बसंतीबाईंनी आधी अंगठ्याकडे, मग बाजेवरच्या नवऱ्याकडे, मग पिल्लाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं आणि नवऱ्याचं बायकोनं. हे तांड्यात सगळेच पाळतात, पण संगीता जरा जास्तच पाळायची. रेशनच्या रांगेत सासऱ्याचं नाव विचारलं की ती कार्डावर बोट ठेवायची. अंगणवाडीच्या वहीत पोरांच्या चित्रांवर बाकीच्या सेविका 'उत्तम' असा शेरा मारतात, संगीता 'छान' लिहिते. बसंतीबाईंनी तर त्रेपन्न वर्षांत एकदाही ते नाव घेतलं नव्हतं. त्या आधी 'अवो' म्हणत, पोरं झाल्यावर 'शामचे बापू' आणि आता 'ओमचे दादा'.

शामनं कार्ड ओढून घेतलं आणि वाचलं.

"जनावराचे नाव, उत्तमसिंग हरचंद आडे. कंसात, नाईक."

निंबावरचा कावळा तेवढा बोलला.

"काय लिहेल हाय?" उत्तमसिंगांनी विचारलं, जरी त्यांना स्पष्ट ऐकू आलं होतं.

"दादा, तुमीच सांगतलं त्या कार्डवाल्याले!" अंजू म्हणाली. "त्यानं विचारलं, नाव? तुमी छाती फुगवून पुरं नाव सांगतलं. मंग त्यानं विचारलं, मालक कोन? तुमी माह्याकडे बोट दाखोलं."

"मले वाटलं, आधी मोठ्या मानसाले विचारून राह्यला."

"त्याच्यासमोर कुत्रं होतं, बापू," शाम म्हणाला. त्याचा खालचा ओठ दाताखाली होता.

"म्हंजे आठ... पाच दिवसांपासून हे कुत्रं माह्या नावानं हिंडून राह्यलं?" उत्तमसिंग बाजेवरून उठले. पागोटं निंबाच्या फांदीला लागून कललं. "उद्या कोनाची कोंबडी गेली तं तांडा काय म्हनन? उत्तमसिंगनं नेली! कोनाच्या दारात घान केली तं? उत्तमसिंगनं केली!"

"नाव बदलवता येते," अंजू घाबरून म्हणाली. आपला एकुलता एक न्यायाधीश हातचा जातो हे तिला दिसत होतं. "मोती ठेवू. शेरू ठेवू."

"ते आता येत नाई त्या नावाले," ओम म्हणाला. कारभाऱ्यानं खरं बोलावं असं त्याला सकाळीच सांगितलं होतं. "पाहा. मोती! शेरू!" पिल्लू अंजूच्या मांडीवर स्वतःचा पाय चावत राहिलं. "उत्तमसिंग!"

पिल्लू उडी मारून खाली आलं आणि शेपूट हलवत ओमच्या पायाशी उभं राहिलं.

शाम उठून विहिरीकडे चालता झाला. त्याचे खांदे हलताना लांबूनही दिसत होते. बसंतीबाईंनी पदरात तोंड घातलं. त्यांचं मत मात्र त्या एका क्षणात फिरलं होतं.

"राहू द्या नं," त्या पदराआडून म्हणाल्या. "गरीब हाय बिचारं. हाक मारली का येते तरी."

"कोनी!" उत्तमसिंग घरच्या बोलीत गरजले. गोरमाटीत कोनी म्हणजे नाही, आणि त्यानंतर दुसरं काही बोलायचं उरत नाही. "तांड्याच्या नाईकाले लोकं चुचकारून बोलावतीन? पाचच्या जीपनं जाईन ते. नाईक बोलला तो न्याय."

नसाब उठली. संगीता जिंकली होती. नाईकही तिच्या बाजूनं आला होता, तेही तिनं काही न करता. ती आत जाऊन चहाचं आधण ठेवू लागली आणि साखरेऐवजी दोनदा मिठाच्या डब्याला हात लावला.

अंजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मम्मी, एक विचारू? चप्पल सोड. बकरी सोड. खरं काहून नाई म्हनते तू?"

"सांगतलं नं."

"ते नसाबीत सांगतलं. आता मले सांग."

संगीतानं गॅस बारीक केला. बोलायचं नव्हतं, पण ते तोंडाशी आलंच होतं.

"जूनमंधी तू जाशील. ते कुत्रं रोज संध्याकाळी फाटकात जाऊन बसन, तुही वाट पाहीन. मले ते रोज पाहा लागन. वाट पाहनारी एक पुरे हाय ह्या घरात. दोन दोन मले झेपनार नाई."

अंजूनं हे ऐकायची तयारी केली नव्हती. ती दाराची कडी खालीवर करत राहिली.

"मी त्याले तुह्यासाठी नाई आनलं," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू. माह्यासाठीच आनलं. मी गेल्यावर मांगं माह्यं काही तरी राह्यलं पाह्यजे इथी. माह्या खोलीत ओम झोपीन. माह्या खुंटीवर पप्पाचा शर्ट राहीन. सुट्टीत आली का सगळे म्हनतीन, बस बेटा, थकली असशीन. मी पाहुनी होईन, मम्मी. कुत्र्याले ते समजत नाई. ते आंगावरच येईन, आज आली काय अन् सहा महिन्यानं आली काय."

"मी काय तुले पाहुनी करीन का?"

"तू नाई करनार. होऊन जाते ते."

संगीताला माहेरचं नेर आठवलं. लग्नाला महिना झाला होता आणि ती पहिल्यांदा माहेरी गेली होती. त्या घरात जन्मभर तिनं स्टीलच्या गिलासात चहा घेतला, भावांच्या बरोबरीनं, फुंकून फुंकून. त्या दिवशी आईनं तिला कपबशीत चहा दिला. फुलं असलेली, वरच्या फळीवरची. आईनं ते कौतुकानंच केलं होतं. संगीतानं तो चहा पिऊन टाकला आणि मागच्या दारी जाऊन खूप रडली. का रडली ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगून ते कोणाला पटलंही नसतं. आता सोळा वर्षांची पोरगी तेच तिला जाण्याआधीच सांगत होती.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"चहा पाह्य," असं म्हणून संगीता बाहेर पडली, तोवर शामनं पिल्लू जीपमध्ये दिलंही होतं. जीपमध्ये रामधनला धरून तेरा माणसं होती आणि पिल्लू मागच्या बाकावरच्या एका म्हातारीच्या मांडीवर होतं. टेपवर गाणं लागलेलं. रामधननं गिअर टाकला.

"ओ रामधनभाऊ! थांबा!"

रामधनला काही ऐकू गेलं नाही. जीप फाटकापासून हलली, वळली, धूळ उडाली. संगीता अनवाणी धावली. चप्पल नव्हतीच. "थांबा! अवो, कुत्रं! ए कुत्र्या! यू, यू!" पिल्लानं म्हातारीच्या कोपराखालून तिच्याकडे पाहिलं, पण ती हाक आपल्याला आहे असं काही त्याला वाटलं नाही. त्याला त्याचं नाव होतं.

जीप टाकीपाशी पोचली. तिथून उतार लागतो आणि मग रामधन थेट दारव्ह्यालाच थांबतो.

संगीता रस्त्याच्या मधोमध उभी राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, पोटातून ओरडली, "ए उत्तमसिंगऽऽ! उतर खाली! घरी चाल मुकाट्यानं!"

पिल्लानं म्हातारीच्या मांडीवरून, दोन पोत्यांवरून, एका माणसाच्या डोक्यावरून उडी घेतली आणि धुळीत कोलांटी खाऊन धावत सुटलं.

आणि निंबाखालच्या बाजेवरून उत्तमसिंग ताडकन उठून म्हणाले, "हो, आलो!"

जीप थांबली. गाणंही थांबलं. टाकीवर पाणी भरणाऱ्या बायांच्या घागरी भरून वाहू लागल्या, तरी कोणी नळ बंद केला नाही. तांड्याच्या सुनेनं भर रस्त्यात नाईकाचं नाव घेऊन त्याला मुकाट्यानं घरी चालायला सांगितलं होतं, आणि नाईक हो म्हणाला होता.

संगीताच्या हे लक्षात आलं तेव्हा पिल्लू तिच्या पायांना झोंबत होतं. तिनं ते उचललं, पदर नाकापर्यंत ओढला आणि तशीच सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"बापू, चुकलं माह्यं."

उत्तमसिंगांनी पुन्हा बाजेवर बसून पागोटं काढून मांडीवर ठेवलं. अठरा वर्षांत सून त्यांच्याशी एवढ्या जवळून बोलली नव्हती आणि तिचा आवाज इतका खणखणीत आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"नाव घेतलं तं घेतलं," ते म्हणाले. "पन उतर खाली काहून म्हनलं? मी कुठी चढलो होतो?"

शाम पुन्हा विहिरीकडे निघाला. बसंतीबाईंना मात्र पदर पुरला नाही. त्या ओसरीच्या खांबाला धरून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"दादा, निकाल?" अंजूनं भीत भीत विचारलं.

नाईकाला बोललेला शब्द मागे घेता येत नाही. उत्तमसिंगांनी डोकं खाजवलं, ओमच्या वहीत पाहिलं, तिथे 'बकरी १' एवढंच होतं. "निकाल पाळला," ते म्हणाले. "पाचच्या जीपनं जाईन म्हनलं होतं, ते जीपनं गेलं. टाकीपर्यंत गेलं. आता ते आपल्या मनानं वापस आलं, तं त्याले नसाबीत इलाज नाई."

"मले एक बोलाचं हाय," संगीता म्हणाली. पदर अजून नाकावर होता, पण आवाज तिचा तिला सापडला होता. "त्या कार्डावरचं मालकाचं नाव खोडा. तथी माह्यं लिहा. अंजू, आयकते का? तू जूनमंधी जाशील. मंग हे माह्यं. सुट्टीत येशील तवा खेळजो त्याच्यासंग, आंगावर घेजो, काय करायचं ते करजो. पन त्याची भाकर टाकजो, गोठा झाडजो, पाचले उठजो. पाहुनीवानी बसू देनार नाई मी तुले. चहा गिलासातच भेटन."

गिलासाचं काय ते बाकी कोणाला कळलं नाही. अंजूलाही पुरतं कळलं नाही, पण ती आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मधे पिल्लू चेंगरलं आणि कुईकुई करू लागलं.

"अन् जनावराचं नाव?" ओमनं पेन उघडून विचारलं. "ते बी खोडू का?"

"राहू दे," बसंतीबाई ओसरीवरून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं की उत्तमसिंगांनीही ओमला थांबवलं नाही.

दिवे लागायच्या वेळी बसंतीबाई भाकरी थापत होत्या. पिल्लू उंबऱ्यावरून आत आलं, चुलीजवळ गेलं आणि परातीत तोंड घालू लागलं. बसंतीबाईंनी सवयीनं हाड म्हटलं. ते थांबलं नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सून गोठ्यात होती, पोरं अंगणात, ओमचे दादा ओसरीवर बाजेवर पडलेले. त्यांनी आधी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. काही झालं नाही, चूल जळत होती तशी जळत राहिली. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटलं. आणि तिसऱ्यांदा बसंतीबाईंचा आवाज घरभर घुमला.

"उत्तमसिंग! ऊठ तथून! एक सांगतलेलं आयकत नाई! जनमभर नुसतं आयतं बसून खाल्लं, लाज नाई वाटत तुले?"

ओसरीवर बाज करकरली. "अवो," उत्तमसिंगांनी विचारलं, "मले म्हनून राह्यली का त्याले?"

"ज्याले लागलं त्याले," म्हणत बसंतीबाईंनी गरम भाकरीचा मोठा तुकडा मोडून पिल्लापुढे टाकला.